कुंकवाखालची बावीस पानं

नातीचं, ऋतुजाचं लग्न झालं ते २०२२ साल. हळदीच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातली पोथी पुसता पुसता धायरीच्या दत्तोबांनी बायकोला विचारलं, "ही पोथी कुठल्या देवाची गं?"

मैनाबाईंना सांगता येईना. साठीनंतर त्या साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या, पण पोथीत वाचण्याजोगं अक्षर उरलंच नव्हतं. चार पिढ्या दर दसऱ्याला तिला कुंकू वाहिलं जाई, आणि कुठलंच पान उपाशी राहू नये म्हणून दरवर्षी नवं पान वर काढत. बावीसच्या बावीस पानं लालभडक झाली होती.

दत्तोबा चौऱ्याऐंशीचे. छातीचं दुखणं बळावलेलं. "जन्मभर पाया पडलो," ते म्हणाले. "आत काय लिवलंय, एकदा कानावर पडू दे."

लग्न उरकल्यावर मैनाबाई पोथी फडक्यात बांधून बसने नारायण पेठेत गेल्या. तिथे एका संस्थेत जुन्या पोथ्यांचे फोटो काढत. प्रमुख अनिरुद्धराव पानं बघून म्हणाले, "वा! वाळवीनं सोडलं ते भक्तांनी गाठलं."

"कुंकू धुयाचं नाय हां," मैनाबाईंनी बजावलं.

"धुवत नाही, आजी," कॅमेऱ्यापाशी बसलेली स्पृहा म्हणाली. "आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकते. त्यात कुंकू दिसत नाही, काजळाची शाई तेवढी दिसते."

पडद्यावर पान आलं. लाल कुठे नव्हतंच. मैनाबाईंनी एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचलं, "बैलाचे... पोट... फुगल्यास..."

पुढे ओवा होता, हिंग होता. देव कुठेच नव्हता.

परतताना बसमध्ये त्या एकच विचार करत होत्या. आजारी माणसाला हे सांगायचं कसं?

सांगितलं, तेव्हा दत्तोबा कोपरावर जोर देत उठून बसले. मग म्हणाले, "ओवा किती?"

"आं?"

"अगं, किती घालायचा म्हणून लिवलंय?"

"मूठभर."

"बघ! आमचा बा चिमटीनं घालायचा. म्हणून तर गुण येत नव्हता. पुढचं पान आण."

स्पृहा जमेल तसं दर पंधरा दिवसांनी एक-दोन पानांचे फोटो मोबाईलवर पाठवी. मैनाबाई अक्षर मोठं करून वाचत. गोठा रिकामा होऊन वीस वर्षं झाली होती, तरी दत्तोबा एकेका बैलाचं नाव घेऊन पोथीशी हुज्जत घालत.

"हे खोटं हाय. परत वाच."

"अवो, तीनदा वाचलं."

अशी एकोणीस पानं झाली. गुरुवारी, ९ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी दत्तोबा वारले. तीन पानं ऐकायची राहिली.