पिंपळगाव राजाची पऱ्हाटी

अकीलनं गावाला शब्द देऊन टाकला होता, आणि आईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं अख्ख्या पिंपळगाव राजाचा कापूस आतून पोखरला. बीटी बियाण्याच्या पाकिटावर डोळे मिटून भरवसा ठेवणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. म्हणून यंदा गावानं ठरवलं, वेचणी आटोपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, मुळासकट उपटायची. अळीला राहायला घरच नको. शिवार मोकळं झालं. उरलं एकच झाड, अकीलच्या विहिरीजवळची जुनी गावरान पऱ्हाटी. ती त्याच्या आईनं, सरवरीनं, जपलेली. शेजारचा तुळशीराम येता-जाता ऐकवायचा, "अकील, तुह्या मायची पऱ्हाटी म्हंजे अळीची धर्मशाळा हाये बे!" शेवटी अकील वैतागून बोलून गेला, "उद्या तोडतो, बस!"

हे सरवरीच्या कानावर गेलं. ईदला अत्तराचे फाये ती याच कापसाचे करायची. त्यापलीकडे या झाडाचं कौतुक कशाला, हे अकीलला कधी उमगलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

सकाळी तो कुऱ्हाड घेऊन निघाला, तर बायको अलीजा ओट्यावर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली. तिला एक नादच होता. दूरदूरच्या ग्रंथालयांनी जुने नकाशे, फोटो, चित्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, त्यांत ती बुलडाणा जिल्हा शोधत बसायची. कधी लोणारचं सरोवर, कधी खामगावच्या बाजारातल्या कापसाच्या बैलगाड्या. "परक्याच्या कपाटात आपलं काय शोधून राह्यली?" हा अकीलचा ठरलेला टोमणा. आजही तो ओठावर होता.

"थांबा. हे पाहा आधी," अलीजा म्हणाली.

पिवळट कागदावर एक वाळलेली फांदी चिकटवलेली होती. कोण्या साहेबानं दीडशे वर्षांपूर्वी ती इथून नेली होती, आणि आता ती साता समुद्रापार एका ग्रंथालयात होती. खाली इंग्रजीत गावाचं नाव. अलीजानं ते बोट ठेवून वाचलं, "पिंपळगाव राजा."

अकील हसला, आणि मग त्याचं हसू जिथल्या तिथं थांबलं. बीटीचं पान रुंद असतं. हे निमुळतं होतं, बोटांसारखं चिरलेलं. असं पान त्यानं जन्मात एकाच ठिकाणी पाहिलं होतं. कुऱ्हाड तिथंच टाकून तो विहिरीवर गेला, एक पान खुडून आणलं आणि फोनवर ठेवलं. अलीजानं चित्र लहानमोठं करत जुळवलं. पान पानावर तंतोतंत बसलं.

मोटार चालू करायला रोज तो त्या झाडाला घासून जायचा. पणजोबाच्याही आधीपासूनचं हे वाण आपल्या विहिरीवर उभं आहे, आणि आपण त्याला काडीचीही किंमत दिली नाही!

"अजून हायेत," अलीजा म्हणाली आणि एकेक कागद सरकवू लागली. मेहकर, दुसरबीड, लोणार. गावागणिक पऱ्हाटी निराळी. कुठं बोंड लांबट, कुठं कापूस तांबूस. अकील तोंड उघडं टाकून पाहत राहिला. वऱ्हाडात कापूस पिकतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण एवढ्या तऱ्हेचा पिकत होता, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि यातली एकही आता कुठं पाहिल्याचं त्याला आठवेना.

"काऊन बे, कुऱ्हाड टाकून बसून राह्यला?" तुळशीराम फाटकातूनच ओरडला.

अकीलनं फोन त्याच्या हाती दिला. अलीजानं सगळं समजावलं.

"वाळली झाडं पाहून अळी मरते काय?" तुळशीराम गुरगुरला. पण फोन काही त्यानं परत केला नाही. त्याचा आजा लोणारकडच्या बीबी गावाहून इकडं आलेला. जरा वेळानं आवाज उतरवून तो म्हणाला, "वहिनी, आमच्या बीबीची हाये काय यात?"

होती. तुळशीरामनं फोन दोन्ही हातांत धरला. कागदाच्या कोपऱ्यात एक पुडी होती आणि तिच्यात सरकीचे काळपट दाणे दिसत होते.

"हे मांगवता येते काय? पेरलं तं उगवंल?"

"नाही भाऊ. दीडशे वर्सं झाली. त्यात जीव नाही आता."

तुळशीरामनं फोन अलीजाच्या हाती परत दिला. मग तो तडक विहिरीकडे निघाला. अकील जीव मुठीत धरून मागोमाग. सरवरी झाडाला पाठ लावून उभी होती. तुळशीरामनं एक हिरवं बोंड तोडलं, नखानं फोडून पाहिलं. मग दुसरं.

"अळी बोंडात राह्यते, लाकडात नाही," कुणाकडेच न पाहता तो म्हणाला. "फुलं, बोंडं सारी तोडून जाळू. झाड राहू द्या. चाची, टोपली आना."

सरवरीनं डोळे पुसले आणि टोपली आणली. तिघं मिळून बोंडं तोडू लागले. एक बोंड चांगलं पांढरंशुभ्र फुटलेलं निघालं. तुळशीरामनं त्यातली सरकी दाणा न दाणा उजेडात धरून तपासली. कीड नव्हती.

"चाची, हे मी नेऊ काय?"

"न्या ना," सरवरी म्हणाली.

"पण ही बीबीची नाही," अकील म्हणाला.

"माहीत हाये," दाणे रुमालाच्या टोकात बांधत तुळशीराम म्हणाला. "बीबीची कोनी ठेवलीच नाही."