थिमाकच्या आजोबांच्या मेंढ्या

कोर्चा शहरातल्या प्राध्यापक थिमाक बोझ्दो यांच्याकडे स्वतःची सव्वीस पुस्तकं होती आणि स्वतःचीच चार चरित्रं. पुस्तकं बैठकीच्या कपाटात, येणाऱ्याच्या नजरेस पडतील अशी मांडलेली. चरित्रं टेबलाच्या खालच्या खणात, कुलपात.

पहिलं चरित्र चौऱ्याहत्तर सालचं. तेव्हा साम्यवादी पक्षाचं राज्य होतं आणि विद्यापीठात जायचं तर गुणांआधी चरित्र, म्हणजे घराण्याचा इतिहास, बघत. त्यात थिमाकचे आजोबा भूमिहीन मेंढपाळ होते. चारायचे दुसऱ्याच्या मेंढ्या, स्वतःची एकही नव्हती. पक्षाचं राज्य गेल्यावर दुसरं चरित्र लिहावं लागलं. त्यात आजोबांच्या चारशे मेंढ्या पक्षाने हिसकावून नेल्या होत्या. तिसरं परदेशी अनुदानासाठी होतं. त्यात मेंढ्या दीडशेच उरल्या, पण त्या सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांच्या मेंढ्यांबरोबर गुण्यागोविंदाने चरत होत्या. चौथं नगरपालिकेच्या सत्कारासाठी. त्यात मोजदाद टाळून नुसतंच ‘प्राणिप्रेमी घराणं’ असं लिहिलं होतं.

यात थिमाकला काही वावगं वाटत नसे. शहरातल्या प्रत्येक प्रतिष्ठिताच्या घरात असा एक खण होताच.

एके दिवशी राजधानी तिरानाहून पत्र आलं. देशातल्या लेखकांचा आणि विद्वानांचा कोश निघणार होता आणि तो प्रत्येक शाळेत जाणार होता. नोंद किमान पाच ओळींची हवी आणि तिच्याखाली विद्यार्थिदशेपासून ओळखणाऱ्या एका माणसाची सही हवी. नाहीतर शेवटच्या ‘इतर’ या यादीत नुसतं नाव. थिमाक सत्तर वर्षांचा होता. सव्वीस पुस्तकं कोणी वाचली नाहीत, निदान पाच ओळी तरी मुलांनी वाचाव्यात, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

“वर्गातलं कोण आहे आता?” बायकोने, ओलिंबीने विचारलं.

“पिलो.”

ओलिंबीने कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं. “मग टोपी हातात घेऊन जा.”

पिलोचा काका सीमा ओलांडून ग्रीसमध्ये पळाला होता. तेवढ्यावरून पिलोचं चरित्र वाईट ठरलं आणि पहिल्याच वर्षी त्याचं नाव विद्यापीठातून काढलं. पुढची सगळी वर्षं विटांच्या भट्टीवर गेली. संध्याकाळच्या फेरफटक्याला दोघं रोज समोरासमोर येत, टोपीला हात लावत आणि पुढे जात.

पिलोने दार उघडलं, आत घेतलं, पाकातलं अंजीर पुढे ठेवलं, मग कॉफी, मग घरी गाळलेली राकी. थिमाकची, ओलिंबीची, मुलांची, नातवंडांची तब्येत एकेकाचं नाव घेऊन विचारली. पाहुण्याला कामाचं विचारायच्या आधी एवढं झालंच पाहिजे. मग म्हणाला, “बोल.”

थिमाकने चारही चरित्रं टेबलावर ठेवली. “यातलं तुला पटेल ते घे. खाली सही कर.”

पिलोने चष्मा लावला आणि सावकाश सगळं वाचलं. “थिमाक, तुझ्या आजोबांकडे होती एक शेळी. लंगडी.”

“मेंढी नव्हतीच?”

“शेजारची यायची कधीकधी, कुंपण मोडून.” त्याने पेन्सिल घेतली आणि खोडायला सुरुवात केली. मेंढ्यांच्या जागी शेळी लिहून आणि बाकीचं खोडून झाल्यावर चार ओळी उरल्या. जन्म कुठे झाला. वडील खोगिरं शिवायचे. घरात एक शेळी होती. मेंढपाळांच्या शब्दांचा कोश लिहिला.

“तो कोश चांगला आहे,” पिलो म्हणाला. “फक्त पान एकशे बारावर घोळ घातलायस.”

थिमाक चमकला. “तू वाचलास?”

“हिवाळ्यात भट्टी बंद असायची.”

थिमाकला सव्वीस पुस्तकांचा पहिला वाचक आज भेटला होता. ओळी मोजून तो म्हणाला, “पण पाच ओळी लागतात.”

“खात्रीची अजून एक आहे माझ्याकडे. फेब्रुवारी पंचाहत्तर, वर्गाची सभा. मला काढायच्या ठरावाला तू हात वर केलास.”

“अरे, सगळ्यांनीच केला होता!”

“केला होता. पण कोशात सगळे चाललेत कुठे? तू चाललायस.”

मग थिमाकने लेखणी घेऊन पाचवी ओळ लिहिली. ‘हात वर केला’ हे शब्द लिहायला फार जड गेले. पिलोने खाली सही केली आणि पेले पुन्हा भरले.

आठवड्याने तिरानाहून संपादकाचा फोन आला. आवाज तरुण आणि फार नम्र होता. “सर, पाचवी ओळ घाईत उलटी लिहिली गेलीय. आम्ही दुरुस्त केलीय. ‘मित्राला काढण्याच्या ठरावाला त्यांनी विरोध केला.’”

“मी विरोध केला नव्हता.”

“सर, एकशे चाळीस नोंदी झाल्यात. सगळ्यांनी विरोध केलाय.”

“मग हात वर कोणी केले होते?”

“ते कोशात नाहीत, सर.”

पाचवं चरित्र आयतं चालून आलं होतं आणि ते सगळ्यांत सुबक होतं. या वेळी तर लिहायचेही कष्ट नव्हते. नुसतं ‘बरं’ म्हटलं की झालं. दाराशी ओलिंबी हात पुसत उभी होती. हात कोरडे झाले तरी ती पुसतच राहिली.

“आहे तसंच छापा,” थिमाक म्हणाला.

“कठीण आहे, सर. पुस्तक शाळेत जायचंय. मुलांनी यातून काय घ्यायचं? मग ‘इतर’मध्ये टाकावं लागेल.”

“टाका.”

वसंतात कोश आला. वजन चार किलो. थिमाकने तो काखोटीला मारला आणि पिलोच्या घरी नेला. अंजीर झालं, कॉफी झाली, सगळ्यांच्या तब्येती विचारून झाल्या. मग पिलोने शेवटची पानं उघडली आणि बारीक अक्षरांच्या यादीतून बोट खाली सरकवत नेलं.

“बोझ्दो, थिमाक,” त्याने वाचलं. “बरोबर छापलंय.” त्याने कोश मिटून बाजूला सारला. “आता तुझा कोश काढ, त्या फळीवरचा. पान एकशे बारा.”