साठचा तुकडा

पेटीत एकतीस वस्तू होत्या. परीक्षेला स्वतःची हत्यारं आणायची असतील तर त्यांची यादी द्यावी लागते, असा नियम होता. म्हणून बाबा एकेक वस्तू फडक्याने पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवत होते आणि मी लिहीत होते. मायक्रोमीटर तीन. व्हर्नियर एक. लेथची टूलं अकरा. कानशी सहा, पाने चार, गुण्या एक, कॅलिपर दोन, तेलाची कुपी एक, धारेचा दगड एक. झाले तीस. एकतिसावा होता लोखंडाचा एक गोल, जाड तुकडा, लहान बशीएवढाही नसलेला. त्यावर ठोकून ६० हा आकडा उमटवलेला होता.

"हा काय म्हणून लिहू?" मी विचारलं.

"तो नको लिहूस. ते हत्यार नाही."

"मग परत पेटीत का ठेवताय?"

"त्याची जागा तीच आहे म्हणून," बाबा म्हणाले.

आई ओट्याशी होती. न वळताच म्हणाली, "दोन वर्षं ती पेटी पलंगाखाली होती. माझा पाय रोज ठेचकाळायचा. आज एकदाची उघडली, नशीब माझं."

या देशात पहिली आई आली. ती नर्स. तिचं शिक्षण इथे मान्य झालं आणि तिला लगेच काम मिळालं. वर्षभराने तिच्यामागून बाबा आणि मी आलो. तिकडे बाबांचा लोखंड कातायचा स्वतःचा लेथ होता, मोठे काका आणि ते मिळून एक शेड चालवत. सव्वीस वर्षं बाबांनी पंपांचे, चक्क्यांचे, गाड्यांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, कातले. मग मोठ्या कारखान्यांनी कंप्युटरवर चालणारी मशिनं आणली आणि शेडमधलं काम आटत गेलं. इथे आल्यावर बाबांना एका वर्कशॉपमध्ये जागा मिळाली, पण मशीनवर नाही. मशीनखालचा लोखंडाचा चुरा झाडून पिंपात भरायचा. मशीनला हात लावायचा तर इथली परीक्षा पास व्हायला हवी. वर्षातून दोनदाच बसता येतं.

बाबांनी एका रविवारी शांतपणे सांगितलं होतं, "दोन्ही वेळा नापास झालो तर मी परत जातो. तुम्ही दोघी राहा. तुमचं बस्तान बसलंय."

आईने तेव्हा धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

तो तुकडा तिकडच्या शेवटच्या दिवसाचा. टॅक्सी दारात उभी होती, सामान टाकून झालं होतं आणि बाबांचा पत्ता नव्हता. मी शेडमध्ये गेले तर लेथ चालू. उरलेल्या सळीचं टोक लेथच्या चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, धरून ते कातत होते. मोठे काका दारातून ओरडत होते, "धाकट्या, विमान काय तुझ्या बापाचं आहे का थांबायला!"

"आपल्या दोघांचा बाप एकच आहे, दादा. एक मिनिट."

त्यांनी मशीन थांबवून मायक्रोमीटर लावला. मी वाचलं, ६०.०२ मिलिमीटर. मग त्यांनी बोटाची उलटी बाजू तुकड्याला क्षणभर टेकवली आणि म्हणाले, "निवला की साठ."

"इथे कसला निवतोय," काका म्हणाले. "तिकडे बर्फात निवेल."

बाबांनी आकड्याचे ठोकळे घेऊन ६० ठोकलं, तुकडा फडक्यात गुंडाळला आणि टॅक्सीत बसले. तो निवल्यावर कुणीच मोजला नाही.

बोट टेकवण्यामागे शास्त्र आहे. कातताना लोखंड तापतं, तापलं की फुगतं. गरम असताना बरोबर साठ दिसलेला शाफ्ट थंड झाल्यावर कमी भरतो, आणि कमी झालेला शाफ्ट भंगारात जातो. कामावर कुलंटची, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याची, धार सोडली तर हा प्रश्न येत नाही. पण शेडमधला पंप नेहमीच बिघडलेला आणि गिऱ्हाईक दारात उभं. म्हणून बाबा उलट्या बोटाने ताप बघायचे आणि त्या मानाने मायक्रोमीटरच्या एक, दोन, कधी तीन रेघा जास्त ठेवायचे. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. कॉलेजात असताना मी हे गणित करून पाहिलं होतं: साठ मिलिमीटरचं पोलाद, तीस अंशांचा फरक, वाढ ०.०२०७. मी मोठ्या उत्साहाने वही दाखवली. बाबा म्हणाले, "दोन रेघा म्हण की सरळ. एवढं पान कशाला खर्ची घातलंस?"

पहिली परीक्षा भर थंडीत आली. बाबांना इथली भाषा कामापुरती येते, म्हणून दुभाषी म्हणून मला आत सोडलं. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे उभं राहायचं, फक्त सूचना सांगायच्या. बसथांब्यापासून चालत यायला सतरा मिनिटं लागली. बाबांनी हातमोजे घातले नव्हते. मशीनवाल्याने हात झाकू नयेत, हा त्यांचा नियम. मशीनपुढे तो बरोबर आहे, रस्त्यावर त्याची गरज नव्हती.

शाफ्ट बराचसा कातलेलाच मिळाला होता. बेअरिंग बसण्याची जागा तेवढी मापात आणायची होती: ५९.९८ ते ६०.००, वेळ वीस मिनिटं. बाबांनी टूल लावलं तेव्हा मी यादी आणि घड्याळ विसरून गेले. दोन वर्षं मी त्यांना झाडू घेऊनच पाहिलं होतं. आता त्यांचे खांदे खाली आले, श्वास लांब झाला. कापलेल्या लोखंडाची निळसर पट्टी एकसारखी सुटत राहिली. पांढऱ्या कोटातले परीक्षक दुसऱ्या उमेदवाराकडे जाता जाता थांबले आणि तिथेच उभे राहिले.

शेवटच्या फेरीनंतर बाबांनी उलटं बोट टेकवलं, मायक्रोमीटर लावला, मान हलवली आणि शाफ्ट ठेवून दिला. त्यांनी दोन रेघा जास्त ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी निकाल कळला. ६०.०१. एका रेघेने नापास.

बसमध्ये मी म्हटलं, "बाबा, एकच रेघ तर होती. आणि जास्तच होती, कमी नाही."

"जास्त आहे ते काढता येतं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण परीक्षेत दिलं ते दिलं." दोन थांबे गेले. मग म्हणाले, "शाफ्ट गरम होता गं. मी हात लावला ना. गरम होता."

तो गरम नव्हता. कुलंटची धार सबंध वेळ चालू होती, मी पाहिली होती. मग त्यांना गरम का लागला? रात्रीचं जेवण होईपर्यंत मी यावर विचार केला आणि मग उठून तीन भांडी मांडली. एकात गरम पाणी, एकात बर्फाचं, मधल्यात कोमट.

"आता हे काय?" आई म्हणाली. "घासणार कोण?"

"मी घासते. बाबा, एक हात यात, एक त्यात. एक मिनिट. आता दोन्ही मधल्यात."

बाबांनी दोन्ही हात कोमट पाण्यात घातले आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"डावा गरम सांगतोय," ते म्हणाले. "उजवा म्हणतो गार."

"डावा बर्फात होता. त्या दिवशी तुमचे दोन्ही हात बर्फातून आले होते. दहा-बारा अंशांवर असतील, माझा अंदाज. शाफ्ट वीसवर होता. त्यांना तो गरमच लागणार."

"म्हणजे हात खोटं बोलतो."

"खोटं नाही. हाताला फक्त फरक कळतो. तिकडे तुमचा हात बारा महिने सारखाच ऊबदार होता, म्हणून जमत होतं."

"का नशिबाने जमत होतं? सव्वीस वर्षं?"

"तो तुकडा मोजू या ना. आत्ता कळेल."

"नको."

"दोन मिनिटांचं काम—"

"नको म्हटलं ना." त्यांनी हात पुसले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तोही चुकला असला तर मग माझ्याकडे राहिलं काय?"

आईने तिन्ही भांडी उचलली आणि स्वतःच घासली.

दर शनिवारी मोठ्या काकांचा फोन यायचा. शेडची जागा दोन महिन्यांत सोडायची होती. लेथ प्लॅस्टिकने झाकून ठेवला होता, बघायला दोघं येऊन गेले होते. "राखू का देऊ?" काका विचारायचे. "तू येणार असशील तर मी दुसरी जागा बघतो. तुझ्या वहिनीच्या न्हाणीघरात ठेवतो वाटल्यास."

"वहिनीला विचारलंस का?"

"तिला विचारून मी काही केलंय का कधी? आणि न विचारता तरी केलंय का!"

बाबा हसायचे. "परीक्षेनंतर सांगतो, दादा."

दुसरी परीक्षा सहा आठवड्यांनी होती. थंडी ओसरली नव्हती. मी त्यांच्यासाठी एक तक्ता केला होता: अंशांचा फरक, व्यास, रेघा. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला, माझं मन राखण्यासाठी. आईने हातमोजे पुढे केले तेव्हा ते निमूटपणे घातले.

पिवळ्या पट्ट्यामागून मी बघत होते. बाबांनी आधी हातमोजे काढले. मग फडक्यातून तो तुकडा काढला आणि लेथच्या बैठकीवर, कुलंटचे थेंब पोचणार नाहीत अशा जागी ठेवला. त्यानंतर टूल लावणं, चकातल्या शाफ्टची तपासणी, लोखंडाला टूल न टेकवता दोन कोऱ्या फेऱ्या. तुकडा हॉलच्या तापमानाला यायला वेळ मिळावा म्हणून ते सगळं सावकाश करत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

परीक्षक आले. तुकड्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे? हे यादीत नाही."

मी विचारलं. बाबा शाफ्टवरची नजर न काढता म्हणाले, "सांग त्यांना, हा त्यांच्या हॉलइतका थंड आहे. माझा हात नाही."

मी ते इथल्या भाषेत सांगितलं. परीक्षकांनी चष्मा वर केला, तुकड्याकडे पाहिलं, बाबांच्या हाताकडे पाहिलं. वहीत काही लिहिलं नाही.

शेवटच्या फेरीनंतर बाबांनी उलटं बोट आधी तुकड्याला टेकवलं. मग तेच बोट शाफ्टला. पुन्हा तुकड्याला. पुन्हा शाफ्टला. प्रयोगशाळेत आम्ही याला तुलनेचं मापन म्हणतो. ते शिकायला मला एक सबंध सत्र लागलं होतं आणि माझ्या तक्त्यात ते नव्हतं. तक्ता त्यांच्या खिशातच होता. मायक्रोमीटरवर रेघ बघून त्यांनी अर्धा क्षण विचार केला, अगदी पातळ अशी आणखी एक फेरी मारली, आणि एकही रेघ जास्त न ठेवता मशीन बंद केलं.

शाफ्ट मोजणीच्या खोलीत रात्रभर ठेवतात. ती खोली बारा महिने वीस अंशांवर असते. बाबांनी परीक्षकांना खुणेने विचारलं आणि तुकडाही त्याच टेबलावर, शाफ्टशेजारी ठेवला.

सकाळी आम्ही तिघंही गेलो. आईने पाळी बदलून घेतली होती. "मला त्या हॉलचा वास बघायचाय," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं माझ्या घराला तोच येत होता."

परीक्षकांनी शाफ्ट तीन ठिकाणी मोजला. त्यांचं यंत्र एका रेघेचेही दहा भाग करतं. ५९.९९१. ५९.९९०. ५९.९९१. त्यांनी कागदावर सही केली आणि बाबांशी हात मिळवला. मग तो हात सोडायच्या आधी उलटा करून त्या बोटाकडे एकदा पाहिलं. आईने पदराने नाही, माझ्याच मफलरने डोळे पुसले.

"हाही रात्रभर इथेच होता," परीक्षक तुकड्याकडे बघून म्हणाले. "मोजू का?"

मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, नको म्हणतील.

"त्यांना म्हण, दोन मिनिटं. आधी एक फोन करायचाय."

बाहेरच्या बोळात त्यांनी काकांना फोन लावला.

"दादा, मशीन देऊन टाक."

काका म्हणाले, "पास झालास वाटतं, गाढवा."

"झालो. आणि ऐक, हाताने काम करणाऱ्याला दे. नुसता भंगाराच्या भावाने बघणारा नको."

"चक तेवढा ठेवून घेऊ का रे? तुझी आठवण म्हणून?"

"चकाशिवाय कोण नेईल ते, दादा."

"तेही खरंच," काका म्हणाले. "बरं. प्लॅस्टिक काढतो मग."

बाबांनी फोन खिशात ठेवला. तिथे माझा तक्ता होता, तो त्यांच्या बोटांना लागला; त्यांनी तो काढला, उघडून पाहिला, पुन्हा घडी करून ठेवला. मग आम्ही आत गेलो. त्यांनी परीक्षकांना मान हलवून खूण केली आणि स्वतः दोन पावलं मागे, माझ्या आणि आईच्या मधे येऊन उभे राहिले.

परीक्षकांनी तुकडा फडक्याने धरून यंत्रात ठेवला. यंत्राचे दोन जबडे दोन्ही बाजूंनी हलकेच टेकले. खोलीतला तापमापक २०.० दाखवत होता. आकडे थोडे हलले आणि स्थिर झाले.

६०.००१.