शिवणकारखान्यातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. आग लागली की ओरडायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. माझा रंग लाल होता. आता तो एका बाजूने काळा पडला आहे.

मला एका शिवणकारखान्याच्या जिन्यावर बसवलं ते एका इंजिनिअरने. कारखान्यात सगळे त्याला ‘अलार्मवाले’ म्हणत. त्याने छताला धूर हुंगणारी यंत्रं लावली, पहारेकऱ्याच्या खोलीत दिव्यांची पेटी बसवली आणि सगळ्यांच्या तारा जोडल्या. मग खाली उभा राहून मला वाजवून पाहिलं. शिवणयंत्रांच्या खडखडाटातही माझा आवाज पार आतल्या गोदामापर्यंत पोचला. बायका कानात बोटं घालून बाहेर आल्या. त्यांतली एक त्याची धाकटी बहीण होती. ती काजं-बटणं करायची.

“दादा, किती कर्कश आहे रे हा,” ती म्हणाली.

“गोड असता तर तुम्ही हातातलं काम सोडून आला असता का?” तो म्हणाला. माझं तेवढंच काय ते कौतुक झालं.

पुढे इस्त्रीची टेबलं सरकवून नेमकी धूर हुंगणाऱ्या एका यंत्राखाली आणली. वाफ वर गेली की यंत्राला धूर वाटे आणि मी ओरडू लागे. काम थांबे, मॅनेजर चिडे. अलार्मवाल्याने उपाय सांगितला: यंत्राची जागा बदलू, त्यासाठी अर्धा दिवस कारखाना बंद ठेवावा लागेल. मॅनेजर म्हणाला, “ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू.” एक ऑर्डर गेली की दुसरी येई. शेवटी त्याने वायरमनला बोलावलं आणि माझी तार काढून टाकली. पहारेकऱ्याला सांगितलं, पेटीवर लाल दिवा लागला तरी लक्ष देऊ नकोस.

पुढच्या तपासणीला अलार्मवाला आला. लोंबणारी तार त्याच्या लगेच लक्षात आली. त्याने ती जोडली. मॅनेजर मागेच उभा होता.

“तुम्ही गेलात की ती पुन्हा निघेल,” तो शांतपणे म्हणाला.

“मग मला वर कळवावं लागेल.”

“कळवा ना. तुमची बहीण चांगलं काम करते हो. तिचं नीट चाललंय, ते चालू द्या.”

जेवणाच्या सुट्टीत बहीण जिन्यावर आली. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दादा, तू काही बोलू नकोस. ह्यांचं काम सुटलंय. माझ्यावर घर चालतंय.”

“आणि आग लागली तर?”

“इतकी वर्षं कुठे लागली?”

तो हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. त्याने कुठेच कळवलं नाही. माझी तार दुसऱ्याच दिवशी निघाली.

आग लागली ती भर दुपारी, जिन्याखालच्या कापडाच्या गठ्ठ्यांत. यंत्रांनी धूर ओळखला, पेटीवर लाल दिवा लागला. मॅनेजरने बजावलं होतं म्हणून पहारेकऱ्याने लक्ष दिलं नाही. धूर माझ्या अंगावरून वर चढत गेला आणि मी मुका लटकत राहिलो. बायकांना कळलं तेव्हा जिना पेटला होता. त्या मागच्या लोखंडी दाराकडे धावल्या. दार तापलं होतं. बहिणीने ते दोन्ही हातांनी ओढून उघडलं, म्हणून त्या सगळ्या वाचल्या.

दोरे कापणारी म्हातारी मावशी मात्र आतल्या गोदामात एकटीच बसली होती. धावपळीत तिला हाक मारायचं कुणाला सुचलं नाही आणि ती बाहेर आलीच नाही. ते सुचावं तरी कुणाला? हाक मारणं माझं काम होतं.

चौकशीत मॅनेजरने सांगितलं, भोंगाच बिघडलेला होता. अलार्मवाल्याने सगळ्यांसमोर मला बॅटरी जोडली. जळक्या अंगानेही मी खणखणीत वाजलो. तार कशी निघाली, हेही त्याने सांगितलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी त्याला एकच विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, मग तेव्हा का नाही बोललात?”

आता मी त्याच्या घरी माळ्यावर असतो. बहिणीची बोटं मिटत नाहीत. तिचा घास तिचा नवरा भरवतो. ती अधूनमधून भावाकडे येते.

“मीच तुला गप्प बसवलं,” ती एकदा म्हणाली.

“मी बसलो ना पण,” तो म्हणाला.

त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. एकमेकांना ते दोष देत नाहीत. समोरासमोर बसतात, चहा निवून जातो.

मित्रांनो, माझ्यासारखे भोंगे तुमच्या शाळेत, दवाखान्यात, जिन्याजिन्यावर असतील. ते चुकून वाजले तर त्यांना खुशाल शिव्या द्या, दुरुस्त करा. पण त्यांचा गळा दाबू नका. आणि कुणी दाबलेला दिसला, तर निदान तुम्ही तरी ओरडा.