चाळिसातली एक कमी

टेक्ससच्या त्या कोपऱ्यातल्या शाळेत शेवटच्या वर्गात मुलं मोजून चाळीस. राज्याचा नियम सरळ होता. प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात हमखास प्रवेश. म्हणजे इथून चौघं, आणि नेरेइदा कांतू चौथी. आई मोटेलात चादरी बदलायची. पोरीला शिकवायचा दुसरा रस्ता त्या घराला ठाऊकच नव्हता.

आणि सप्टेंबरात तळाचा एक मुलगा गाव सोडून गेला नि त्याच्या जागी ट्रेंट टपकला; आकडा चाळीसच राहिला. शहरातल्या बड्या शाळेत याचा नंबर शंभराच्याही खाली, म्हणून बापानं या गावात घर भाड्यानं घेतलं, फक्त पत्त्यापुरतं. अंगणातल्या गवताला कुणी पाणी घालेल तर शपथ. शहरातल्या अवघड विषयांना मिळतात ते जादा वजनाचे गुण घेऊन पठ्ठ्या चौथा झाला आणि नेरेइदा पाचवी. वर फुटबॉलच्या सामन्यात नाचोची प्लेट पुढे करून म्हणतो कसा, "रागावू नकोस हां. इथलं छोटं कॉलेजही तसं बरंच आहे."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर घास गोड लागेना. मग गरीब गाय होऊन ती समुपदेशक बाईंकडे गेली आणि विचारलं, वर्गात एकोणचाळीसच उरले तर? बाई म्हणाल्या, अपूर्णांक सोडून देतात, सगळीकडेच. मग तिघंच.

सोमवारी नेरेइदानं शाळा सोडल्याचा दाखला घेतला आणि शेजारच्या गावी मावशीकडे राहायला गेली. आईनं कपाळाला हात लावला. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतेस, म्हणाली.

"कापलं तर कापलं, अमा. त्याला तरी ती चौथी जागा मिळू देणार नाही."

नाहीच मिळाली. यादी लागली तेव्हा ट्रेंटचा बाप मुख्याध्यापकांवर तासभर ओरडला म्हणे. ते ऐकून नेरेइदानं मक्याच्या पिठाचे दोन तामाले जास्तीचे खाल्ले.

नव्या शाळेतून एक मुलगा नुकताच गेला होता; तिला धरून मुलं पुन्हा एकशेवीस. यादी लागली आणि बाराव्या जागी तिचंच नाव. हे तिनं धरलंही नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारी एक मुलगी तेराव्या नावावर बोट ठेवून उभी होती. सोकोरो तिचं नाव.

"तू यायच्या आधी बारावी मी होते," ती शांतपणे म्हणाली. "घर भाड्यानं घेतलंय, की कुणाकडे राहतेस?"

"मावशीकडे."

सोकोरोनं मान डोलावली, पुन्हा एकदा यादी वरपासून खालपर्यंत मोजली, आणि समुपदेशकांच्या खोलीचं दार हळूच वाजवलं. एकशेवीसातली एक गेली, की अकराच. दार उघडलं तेव्हा सोकोरो अगदी गरीब गाय दिसत होती.