भरताची सापशिडी

सारिकाने गठ्ठ्याची सुतळी दातांनीच तोडली आणि वरची प्रत ओढून काढली. धुळ्याहून आत्ताच छापून आलेल्या पुस्तिकेला शाईचा वास येत होता. शाळेच्या भरीत दिवसासाठी तिने महिनाभर खपून ही चित्रकथा काढली होती. सापशिडीच्या पटावर दोन मुलं सोंगट्या होऊन निघतात आणि वांग्याच्या वाफ्यापासून घराघरांतून, चौकटीमागून चौकट, भरताच्या ताटापर्यंत पोचतात. शंभराव्या घरात शाळेत रोज जेवण रांधणारी कमलबाई त्यांना वाढते.

तिने शेवटचं पान उघडलं. शंभराव्या घरात उंच पांढरी टोपी घातलेला, मिशीवाला आचारी हसत उभा होता.

सारिकाने भराभर पानं मागे उलटली. कमलबाई सापडली, पण बासष्टाव्या घरात, सापाच्या तोंडाशी. तिची चूल, तिचा धूर, सगळं तिथे आणून चिकटवलं होतं. खाली ठळक अक्षरं होती : ‘धूर आणि अस्वच्छता! घसरा एकोणिसावर.’

ती पुस्तिका घेऊन तशीच कार्यालयात गेली. संस्थेचे सचिव हितेंद्र सर पाहुण्यांसाठी आणलेले हार मोजून घेत होते.

“सर, हे कोणी बदललं?”

“छान झालंय ना? थोडा हात फिरवून घेतला मी.”

“कमलबाईंना सापाच्या तोंडात दिलंत तुम्ही.”

“मॅडम, तीन वाजता पालक येणार. शिरपूरच्या इतर शाळा कुठे चालल्यात बघा. चुलीपुढे बसलेली बाई बरी दिसत नाही.”

“आणि पालक आज भरीत खाणार ते कोणाच्या हातचं?”

“तिच्याच. तिच्यासारखं भरीत दुसऱ्या कोणाला जमत नाही.” त्यांनी एक हार बाजूला ठेवला. “पण खाणं वेगळं आणि चित्र वेगळं.”

सारिकाचे कान तापले. ती अजून कायम झाली नव्हती. जूनमध्ये तिला कायम करण्याचा कागद याच टेबलावरून जायचा होता. तरी तिने पुस्तिका त्यांच्या हारांवर आपटली.

“मग माझं नाव काढा यावरून.”

“अहो, बारीक अक्षरात आहे. कोण वाचतंय?”

ती बाहेर पडली. वर्गातल्या कपाटातून तिने आपली मूळ चित्रं घेतली, गठ्ठ्यातली एक प्रत घेतली आणि मागच्या आवाराकडे निघाली. कमलबाईला घेऊन परत कार्यालयात यायचं. तिलाच समोर उभी करायची. मग बघू, सर तिच्या तोंडावर काय बोलतात ते.

आवारात कपाशीच्या काड्यांचा जाळ नुकताच खाली बसला होता. भाजलेली हिरवी वांगी परातीत वाफाळत होती आणि कमलबाई चटके सोसत एकेक सोलत होती. भरीत ठेचायच्या लाकडी बडजीत मिरची-लसूण ठेचून तयार होता.

“अक्का, हे बघा. काय केलंय तुमचं!”

सारिकाने एका दमात सगळं सांगितलं. कमलबाईने पदराला हात पुसले आणि पुस्तिका लांब धरून पाहिली.

“हाऊ टोपीवाला वांगं सोलस का?” ती हसली. मग सापाशी आली आणि तिचं हसू थांबलं. “अस्वच्छ? रोज बठ्ठी भांडी मी दोनदा घासस.”

“तेच तर! माझं चित्र असं नव्हतं. हे बघा, मी कसं काढलं होतं.”

सारिकाने मूळ पान तिच्यापुढे धरलं. कमलबाईने पुस्तिका परत देऊन ते हातात घेतलं आणि उजेडाकडे वळवलं. एक काडी निखाऱ्यांत तडकली.

“हाई मी शे?”

“हो अक्का.”

“मंग लुगडाले ठिगळ कसाले?”

सारिकाने पानाकडे पाहिलं. खांद्यावर एक आणि गुडघ्याजवळ एक, टाकेसुद्धा दिसतील अशी दोन ठिगळं तिने मोठ्या मायेने रंगवली होती.

“ते... कष्टाचं दिसावं म्हणून...”

“मन्हं लुगडं फाटेल कव्हय देखं तुम्ही?”

कमलबाईचा आवाज चढला नव्हता. सारिकाच्या हातात पुस्तिका चुरगळली.

“चला ना अक्का, सरांकडे जाऊ,” ती कशीबशी म्हणाली.

“येस मी. त्यासले बी सांगसू.” कमलबाईने पान परत तिच्या हातात दिलं. “पहिले हाई नीट करा.”

ती पुन्हा परातीशी बसली आणि पुढचं वांगं उचललं. सारिका तिथेच, राखेच्या कडेला टेकली. तिने पेन्सिल काढली, पानावर टेकवली आणि थांबली.

“अक्का, रंग कोणता दाखवू लुगड्याला?”

कमलबाईने मान वर केली नाही.

“समोर बठेल शे ना मी,” ती म्हणाली. “देखा.”