मधली शिवण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे बायकांना लहानपणीच शिकवतात आणि पुरुषांना बहुधा कुणीच शिकवत नाही. नाहीतर बसच्या दोघांच्या सीटवर बाई अंग चोरून खिडकीला चिकटलेली आणि शेजारचा मात्र दुकान मांडल्यासारखा पाय फाकवून बसलेला, हे रोज दिसलं नसतं. बस डेपोच्या गादीखात्यात सीटची कव्हरं शिवणाऱ्या बाईला ते वर्षानुवर्षं दिसत होतं. दिसत कसलं, येताजाता टोचत होतं. शेवटी तिने मुकादमांना गळ घातली आणि नव्या कव्हरांवर बरोब्बर मधोमध जाड नारिंगी दोऱ्याची शिवण घातली. अर्धं तुझं, अर्धं माझं. झालं.

झालं कसलं! लोक एकमेकांच्या गुडघ्यांवरून हमरीतुमरीवर आले. "आमच्या हाडांची ठेवणच तशी आहे," असं पोट सुटलेल्या एका गृहस्थांनी जाहीर केलं, तर "मग उभे राहा, हाडं मोकळी होतील," असं एका आजीने सुनावलं. एकाने बायकांच्या पिशव्या शिवणीच्या पलीकडे ढकलायला सुरुवात केली, म्हणे नियम सगळ्यांना सारखा. गादीखात्यातल्या बायका हे ऐकून हसून बेजार व्हायच्या. शिवणारीचं नाव फूटपट्टी पडलं, आणि तिला ते मनापासून आवडलं.

तिचा नवरा सलून चालवायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात, अगदी गरीब गाय. पण तिकडे गिऱ्हाईकं त्याला सोडत नव्हती. "घरातपण रेघ मारलीय का रे बायकोने?" एकजण विचारायचा आणि बाकीचे खो-खो हसायचे. तोही हसायचा आणि वस्तरा चालवत राहायचा. घरी मात्र एकदा जेवताना म्हणाला, "ती शिवण तू घातलीस हे जगाला सांगायची काय गरज होती?"

"लपवायला मी काय चोरी केलीय?"

त्याने ताट सरकवलं आणि हात धुवायला उठला. तिला वाटलं, विषय मिटला.

मग कव्हरं परत येऊ लागली. आधी नुसतीच शिवण उसवलेली. कुणाचा तरी वात्रटपणा म्हणून तिने ती पुन्हा घातली. मग कव्हरं चिरलेली येऊ लागली, आणि चिरा फक्त खिडकीकडच्या अर्ध्यात, जिथे बायका बसायच्या तिथे. धार इतकी बारीक की कुणी बसेपर्यंत चीर दिसायचीच नाही. बायकांचं हसणं बंद झालं. बसण्याआधी त्या सीटवरून हात फिरवू लागल्या.

हात फिरवूनही एक नर्स सापडलीच. फोममध्ये पातं उभं खोचलेलं होतं. मांडीला टाके पडले. मुकादमांनी ती सीट गादीखात्यात आणली आणि चिमट्याने पातं काढून कागदावर ठेवलं. "ब्लेड मोडलंय," ते म्हणाले. "बसमध्ये हजार माणसं चढतात. कुणाला धरायचं?"

ब्लेड नुसतं मोडलेलं नव्हतं. वेष्टणाच्या कागदातल्या कागदात, लांबीच्या बाजूने कटकन दुभंगलेलं ते निम्मं पातं होतं. वस्तऱ्यात तेवढंच बसतं. तिचा नवरा दिवसभराची पाती सकाळीच घरी मोडून न्यायचा, आणि त्या आवाजाने तिला जाग यायची. शहरात सलून काय एकच आहे का, असं तिने स्वतःला समजावलं. मग तिला त्याच्या खिशातली बसची तिकिटं आठवली. आजवर सलूनला चालत जाणारा माणूस हल्ली गुडघे दुखतात म्हणाला होता. तिने त्याच्या गुडघ्यांना तेलसुद्धा चोळून दिलं होतं.

संध्याकाळी तिने त्याला थेट विचारलं नाही. त्याने खोटं सांगितलं असतं आणि आपण ते मानलं असतं, याचीच तिला भीती वाटली. "उद्या मुकादमांशी जरा बोलायचंय," एवढंच ती म्हणाली. तिला वाटलं, तो आपणहून बोलेल.

"हो का?" तो म्हणाला. आणि सकाळी चपला घालता घालता, "चल, मीही येतो तुझ्याबरोबर."

बसमध्ये त्याने तिला आधी खिडकीकडे जाऊ दिलं. ती सीटवरून हात फिरवून बसली. तो शेजारी बसला, गुडघे जुळवून, एक हात खिशात. "असं बसावं माणसाने!" कंडक्टर कौतुकाने म्हणाला, आणि आजूबाजूच्या बायका कितीतरी दिवसांनी हसल्या.

"काय सांगणार आहेस मुकादमांना?" त्याने समोर बघतच विचारलं.

"ते पातं कुठलं ते."

"लोक मला काय काय बोलले, ते कधी विचारलंस?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. पण त्या नर्स पोरीने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

त्याचा गुडघा शिवणीवर आला, मग शिवणीच्या पलीकडे. आपटला नाही, नुसता टेकला आणि दाबत राहिला. ती सरकली. तिचा खांदा काचेला लागला.

डेपो आला. "उठा," ती म्हणाली. "मला उतरायचंय."

तो हलला नाही. दारापाशी गादीखात्यातल्या बायका उतरत होत्या. "चल गं फूटपट्टी!" एकीने लांबूनच हाक मारली.

"जाऊ दे त्यांना पुढे," तो हळूच म्हणाला.

तिने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिशातला हात बाहेर आला आणि मिटलेल्या मुठीनेच तिच्या मांडीवर टेकला. कंडक्टरने घंटी दिली आणि बस निघाली.